शिवराईवर पोपटी भुकटी आणि चिकट हिरवा थर: हे नेमकं काय?

मोडीवाचक: तीन शिवराया (तांब्याची जुनी मराठा नाणी) जुन्या, मऊ प्लास्टिकच्या खिशांच्या अल्बममध्ये होत्या. पहिलीवर 'श्री राजा शिव'मधल्या 'जा'च्या कडेला फिकट पोपटी ठिपके. टाचणीने टोकरलं की भुकटी पडते, खाली खड्डा दिसतो. दुसरीवर चिकट हिरवट थर. तिसरी काळपट हिरवी, गुळगुळीत. चिंचेने घासू का?

ढब्बू_पैसा: चिंच, लिंबू, पितांबरी काहीच लावू नका! तिसरीला हातही लावू नका. नखाने न निघणारा, धातूशी एकजीव झालेला थर म्हणजे पॅटिना. तो गेला की अक्षरांची धारही जाते.

दुसरीचा दोष अल्बमचा. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेलं रसायन पाझरून नाण्यावर बसतं. काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घेऊन नाणं दहा मिनिटं बुडवा, घासू नका, मग ताज्या ॲसिटोनने धुवा. नेलपेंट रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको.

क्षारपारखी: काळजी पहिलीची आहे. हा ब्राँझ डिसीज दिसतोय. नाव ब्राँझचं असलं तरी तांब्यालाही होतो. आतलं क्युप्रस क्लोराइड दमट हवेत भुकटी बनतं, सोबत आम्ल सुटतं आणि ते पुन्हा तांबं खातं. म्हणून वरवर पुसून उपयोग नाही.

खात्री करायची तर भुकटी मऊ ब्रशने झाडा, फोटो काढा आणि झाकणाच्या बरणीत ओल्या कापसाशेजारी, कापूस न टेकवता, 24 तास ठेवा. ताजे ठिपके उगवले तर शंका नको. मग 1 लीटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये 50 ग्रॅम सोडियम सेस्क्विकार्बोनेट विरघळवून त्यात बुडवा, द्रावण दर आठवड्याला बदला. महिने लागतात. पॅटिनाचा रंग थोडा बदलू शकतो, पण नाणं वाचतं.

मोडीवाचक: ते मिळालं नाही तर नुसता खाण्याचा सोडा चालेल? आणि थांबायचं कधी?

क्षारपारखी: नुसता नको. 23 ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट आणि 19 ग्रॅम खाण्याचा सोडा 1 लीटरमध्ये घातला की तेच द्रावण होतं. थांबायचं ते चाचणी बघून: काढलेल्या थोड्या द्रावणात फसफस थांबेपर्यंत विरल नायट्रिक ॲसिड, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. पांढरं गढूळ झालं तर क्लोराइड अजून निघतंय. आधी ॲसिड घातलं नाही तर कार्बोनेटमुळेच गढूळ होतं आणि फसगत होते. हातमोजे, चष्मा हवाच.

ढब्बू_पैसा: शेवटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीनदा बुडवून पूर्ण वाळवा. नवे खिसे पॉलिप्रॉपिलीनचे घ्या, डबा हवाबंद, आत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक. आकडा 40 टक्क्यांखाली हवा. पावसाळ्यात जेल वरचेवर तापवून वाळवावी लागते.