मोठा फोन घेऊ, की लहान फोन आणि सोबत टॅब?

भटकी_मनी:
साडेचार वर्षं वापरलेला फोन आता दुपारीच मान टाकतो, म्हणून नवीन बघतेय. गेम खेळत नाही, रील बघत नाही (बरं, थोड्या बघते). काम फिरतीचं, उन्हात उभं राहून नकाशा बघायचा, कागदांचे फोटो काढायचे आणि रात्री तासभर पीडीएफ वाचायच्या. हात लहान आहेत, मोठ्या फोनवर अंगठा वरपर्यंत पोचतच नाही. म्हणून वाटतं लहान फोन घ्यावा आणि वाचायला ८ इंची टॅब, पण मग दोन-दोन वस्तू सांभाळा, चार्ज करा... जो तो १०८ मेगापिक्सेल नि १२ जीबी रॅम सांगतो, मला त्यातलं लागतं काय तेच कळेना.

उंटावरचा_शहाणा:
१०८ चं सोड, असे बरेच कॅमेरे ९-९ पिक्सेल एकत्र करून शेवटी १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. कागदाचे फोटो काढायला ऑटोफोकस चांगला पाहिजे, बस. तुझ्या कामाला खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे उन्हात स्क्रीन दिसणं. जाहिरातीत जे हजारो निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) लिहितात ना तो कमाल आकडा असतो, स्क्रीनच्या छोट्याशा भागापुरता, तोही थोडा वेळ. त्यामुळे फोन हातात घेऊन दाराबाहेर उन्हात जाऊन बघ, दुकानातल्या दिव्याखाली सगळेच झकास दिसतात.

जुनं_ते_सोनं:
आधी नुसती बॅटरी बदलून बघितलीस का? बाकी फोन ठीक असेल तर एवढ्यानेही काम भागतं. फक्त सिक्युरिटी अपडेट अजून येतात का ते बघ, बंद झाले असतील तर माझा सल्ला मागे. आणि नवीन घेताना एक लक्षात ठेव, ७ वर्षं अपडेट म्हणतात ती बहुतेक वेळा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तू घेतल्यापासून नाही. सवलतीत मिळणाऱ्या जुन्या मॉडेलची दोन वर्षं आधीच गेलेली असतात.

रात्रपाळी:
टॅबबद्दल: फक्त वायफायवाल्या बऱ्याच टॅबमध्ये जीपीएस नसतं, म्हणजे नकाशाचं काम फोनवरच येणार. आणि कोणी ई-इंक रीडर (कागदासारख्या स्क्रीनचं, पुस्तकं वाचायचं यंत्र) सुचवला तर ६ इंची अजिबात घेऊ नको. मी घेऊन बसलोय. गोष्टीची पुस्तकं त्यावर मस्त वाचता येतात, डोळ्यांना त्रास नाही, चार्जिंगची आठवण पण येत नाही, पण ए-४ पानाची पीडीएफ उघडली की मुंग्यांची रांग, झूम करा, सरकवा, परत झूम करा, शेवटी वैतागून फोनवरच वाचतो.

उंटावरचा_शहाणा:
हो, आणि हाताचं राहिलंच. इंच बघू नकोस, ते तिरकं माप असतं. रुंदी बघ, मिलिमीटरमध्ये. वेबसाइटवरून माप घेऊन पुठ्ठा काप आणि दिवसभर खिशात ठेवून फिर.

भटकी_मनी:
कापले पुठ्ठे 😄 ७७ मिमीचा बाद, ७१ चा हातात बरोबर बसतो. अपडेट बघितले तर गेल्या वर्षीच बंद पडलेत, म्हणजे बॅटरी बदलून उपयोग नाही. आता ७१ च्या आसपासचेच दोन-तीन बघते आणि टॅब नंतर. रात्रपाळी, तुमचा तो रीडर विकायचाय का? गोष्टीची पुस्तकं मी पण वाचते.