मे महिन्यातील फ्रेंडशिप शिखर: बर्फाचा उतार सुरक्षित आहे हे कसे ओळखावे?

करवीर_भटकंती (कोल्हापूर)
नमस्कार. आम्ही काही मित्र दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालतो आणि हिवाळ्यात गगनबावडा, राधानगरीकडचे डोंगर फिरतो. मेच्या सुरुवातीला मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर (५२८९ मीटर) जाण्याचा बेत आहे. दोन दिवस स्वच्छ ऊन पडले आणि आधीच्या गटाची पायवाट दिसत असली, तर उतार सुरक्षित समजावा, असे आमच्यातील एकाचे म्हणणे आहे. हे कितपत खरे आहे? जाणकारांनी कृपया सांगावे.

हिमवाट
सह्याद्रीत मळलेल्या वाटेवर भरवसा ठेवणे रास्त आहे, पण बर्फावर दहा जण सुखरूप गेलेल्या उतारावरच अकराव्याच्या पावलाने लादी (वरचा घट्ट, सलग बर्फाचा थर) सुटू शकते. खालचा कच्चा थर सगळीकडे सारख्या खोलीवर नसतो आणि वरची लादी जिथे पातळ असते, तिथे पाऊल पडले की तडा दूरवर पसरतो.

हा कच्चा थर बहुधा हिवाळ्याच्या सुरुवातीला तयार होतो. तेव्हा बर्फ थोडा असतो, जमिनीलगतचे तापमान शून्याच्या आसपास राहते आणि वरची हवा कडाक्याची थंड असते. समजा, थर ६० सेंटीमीटरचा आणि पृष्ठभाग उणे १५ अंशांवर आहे. म्हणजे दर १० सेंटीमीटरला अडीच अंशांचा फरक पडला. हा फरक साधारण एका अंशाच्या वर गेला, की खालची वाफ वर सरकत राहते आणि तळाशी एकमेकांना न चिकटणारे कोनदार कण वाढतात. खड्डा खणून ते ओंजळीत घेतले, तर जाड साखरेसारखे बोटांतून निसटतात. त्यांच्यावर वाऱ्याने दाबलेली लादी बसली, तर धोका कित्येक आठवडे टिकतो, आणि वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पावलाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा बर्फात तडा धावताना दिसला, तर तिथूनच मागे फिरावे.

लाद्या बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. कोन मोजण्याचा सराव पन्हाळ्याच्या उतारांवर मोबाइलमधील कोनमापकानेही करता येईल. नुसत्या नजरेचा अंदाज हमखास चुकतो.

सह्यपुत्र
उन्हाविषयी थोडी भर घालतो. ताज्या हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात हे खरे, पण मे महिन्यात कडक ऊन हाच वेगळा धोका ठरतो. वितळलेले पाणी थरांत झिरपते, कणांची पकड सुटते आणि ओला, जड बर्फ घसरतो. म्हणून शिखराची चढाई मध्यरात्रीनंतर सुरू करतात आणि ऊन चढण्यापूर्वी तीव्र उतार उतरून येतात. रात्री ढग दाटून आल्यामुळे बर्फ गोठलाच नसेल, तर पहाटेही त्या उतारावर जाऊ नये.

करवीर_भटकंती
मनःपूर्वक आभार. आयोजकांच्या मते सोबत अनुभवी मार्गदर्शक असल्याने ट्रान्सीव्हरची (बर्फाखाली गाडलेल्याचा संकेतावरून माग काढणाऱ्या यंत्राची) गरज नाही. हे योग्य आहे का?

हिमवाट
मला हे मुळीच पटत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘द्रौपदी का डांडा’ येथे उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळले, तेव्हा प्रशिक्षक सोबत असूनही २५ हून अधिक जण दगावले. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढले, तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर श्वास कोंडून ती झपाट्याने घटते. मनालीहून मदत एवढ्या वेळात पोहोचणे शक्य नाही, त्यामुळे शोध सोबत्यांनाच घ्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडे ही तिन्ही साधने हवीत. ती भाड्याने मिळत असतील तर आधीच मागवून घ्या आणि ऊस तुटल्यावर मोकळ्या झालेल्या एखाद्या रानात एक ट्रान्सीव्हर पुरून, घड्याळ लावून तो शोधण्याचा सराव करा. आयोजकांना एवढेच विचारा, की परिस्थिती बिघडल्यास कोणत्या ठिकाणाहून आणि कोणाच्या निर्णयाने परत फिरायचे हे आधी ठरले आहे का. त्याचे नेमके उत्तर मिळाले नाही, तर पैसे भरू नका.