शेती संरक्षणाची बंदूक निवडणुकीत जमा का करायची?

कुणगेवाला
आमच्या घरी ठासणीची एकनळी बंदूक आहे. परवाना वडिलांच्या नावावर, शेती संरक्षणासाठी. ऑक्टोबर 2024 मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली आणि नेहमीप्रमाणे ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. दक्षिण कोकणात त्या दिवसांत हळवं भात कापणीला आलेलं असतं, गरवं भरत असतं. निकाल 23 नोव्हेंबरला लागला. तोवर आमचे दोन कुणगे, म्हणजे भाताचे वाफे, रानडुकरांनी लोळून भुईसपाट केले होते. वडील म्हणाले, "बंदूक घरात नाय हा, ह्या डुकरांका पण कळता."

दारू भरायची, ठासायची, छर्रे घालायचे, पुन्हा गज मारायचा, तेव्हा कुठे एक बार निघतो. अशी बंदूक घेऊन मतदान केंद्रावर दहशत कोण माजवणार? शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये पीकरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. मग जमा करताना ती पिस्तुलाच्याच रांगेत का? माझं म्हणणं एवढंच आहे की गुन्हा नोंद नसलेल्या शेतकऱ्याची बंदूक आचारसंहितेत घरीच राहू द्यावी.

सड्यावरची
मी याच्या विरोधात आहे आणि कारण घरातलं आहे. माझे मामा रात्री शिकारीला गेलेल्या टोळीबरोबर होते. जाळीत काहीतरी हललं, डुक्कर समजून कुणीतरी बार काढला, तो मामांना लागला. सकाळपर्यंतही राहिले नाहीत. बंदुकीचा परवाना शेती संरक्षणाचा होता. परवाना एकाच्या नावावर, चाप ओढणारा दुसराच. आणि ही टोळी स्वतःच्या शेतात नव्हती, रानात होती. बंदूक घरात असली की ती मागायला शेजारी येतो, पाहुणा येतो, नाही म्हणवत नाही. महिना-दोन महिने ती ठाण्यात असते तेव्हा मला तरी बरं वाटतं.

कागदपत्रे
दोघांनाही एक सांगतो. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेणं कायद्याला धरून नाही. गोव्यातून आलेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये हे स्पष्ट केलं. जिल्ह्याच्या छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करायचा असतो. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी निवडणुकीतल्या दंगलीत सापडलेले, अशांवर मुख्य रोख असतो. आचारसंहितेची वाट न पाहता आधीच लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

कुणगेवाला
अर्ज केला होता, पोचही आहे. उत्तर आलं नाही. बीट अंमलदार मात्र दोनदा दारात आले. गावात चार लोकांसमोर पोलीस बंदूक मागतात तेव्हा वडिलांसारखा माणूस कोर्टाचा निकाल दाखवत बसत नाही, निमूट खांद्याला लावून चालू लागतो.

घाटमाथा
कर्नाटकातल्या कोडगूत कोडवा लोकांना परवानाच लागत नाही. 2021 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानेही ती सूट कायम ठेवली. कोकणच्या शेतकऱ्याला का नको?

सड्यावरची
कोडवांची सूट त्यांच्या परंपरेसाठी आहे, भातासाठी नाही. आणि बंदूक घरी असली म्हणून डुक्कर मारायची मोकळीक मिळत नाही, त्याला वन विभागाची परवानगी लागते. गवा तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो कुळीथ खाऊन गेला तरी पंचनामा करून भरपाईच मागायची.

कुणगेवाला
बरोबर आहे, पण आम्हाला बहुतेक वेळा मारायचं नसतंच. हवेत एक बार काढला तरी कळप दोन-तीन रात्री फिरकत नाही. बंदूक नसते तेव्हा लोक काय करतात तेही बघा. फासक्या लावतात, त्यात बिबटे अडकतात. गावठी बाँब ठेवतात, त्याने गुरांची तोंडं फाटतात.

सड्यावरची
फासकीचं मान्य. तो त्रास मीही पाहिला आहे. पण मग एवढं तरी लिहून द्या, की परवाना ज्याच्या नावावर त्याच्याशिवाय कुणी हात लावणार नाही. तुमच्याकडे रात्री राखणीला कोण जातं? वडील की तुम्ही?

कुणगेवाला
तुमच्या मामांचं वाचल्यावर हा प्रश्न येणार हे माहीत होतं. वडील 72 वर्षांचे आहेत. परवानाधारकाने सत्तरी गाठली की 2016 च्या नियमांप्रमाणे घरातल्या माणसाला परवाना मागता येतो. मी अर्ज केला आहे, चौकशी अजून पुरी झालेली नाही. तोवर मी बंदुकीला हात लावत नाही. मी खाली मेरेवर डबा वाजवत बसतो आणि वडील गुडघे धरून शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढतात.