मानसिक आरोग्याचा आधार: संगीतकाराच्या करारात की कराराबाहेर?

सूरसाक्षी:
संगीतक्षेत्रातील मानसिक आरोग्याबद्दल आता उघडपणे बोलले जाते, परंतु हेल्पलाइनला फोन करायचा, उपचारांचा खर्च सोसायचा आणि दौराही पुरा करायचा, हे सारे अजून त्या एकट्या कलाकाराकडेच राहते. समुपदेशनाचा खर्च, दौऱ्यातील विश्रांतीचे दिवस आणि प्रकृतीच्या कारणास्तव कार्यक्रम रद्द करण्याचा हक्क या गोष्टी रेकॉर्ड कंपनी किंवा आयोजकाशी होणाऱ्या करारातच असाव्यात, असे माझे मत आहे. वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ब्रिटनमधील ‘हेल्प म्युझिशियन्स’ या संस्थेसाठी केलेल्या पाहणीत सुमारे २,२०० जणांनी भाग घेतला. त्यांपैकी ७१ टक्के जणांनी तीव्र चिंता किंवा पॅनिक अटॅक, तर ६८ टक्क्यांहून अधिक जणांनी नैराश्य अनुभवल्याचे सांगितले. अनियमित मिळकत, अवेळी काम, थकवा आणि भविष्याची आखणी करता न येणे ही त्यामागची कारणे कामाच्या स्वरूपातली आहेत; ध्यानधारणेचे ॲप भेट देऊन ती दूर होत नाहीत.

अनाघात:
त्या पाहणीत लोक स्वेच्छेने सहभागी झाले होते आणि ज्याला त्रास आहे तो अशा प्रश्नावलीला उत्तर देण्याची शक्यता अधिक असते, म्हणून ती टक्केवारी संपूर्ण क्षेत्राला लावू नये. माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. ज्या कंपनीला पुढचा अल्बम वेळेवर हवा आहे, तिच्या पैशाने नेमलेल्या समुपदेशकापुढे ‘मला रंगमंचाची भीती वाटू लागली आहे’ असे कोण मोकळेपणाने सांगेल? आधार कराराबाहेरच असावा. ग्रॅमी पुरस्कार देणाऱ्या अमेरिकेतील रेकॉर्डिंग ॲकॅडमीने १९८९ मध्ये स्थापन केलेली ‘म्युझिकेअर्स’ ही धर्मादाय संस्था किंवा ब्रिटनमध्ये २०१७ पासून चालणारी ‘म्युझिक माइंड्स मॅटर’ ही मानसिक आधार सेवा यांच्याकडे जाताना कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही.

सूरसाक्षी:
पैसा आणि माहिती वेगळी ठेवता येते. कंपनीने रक्कम स्वतंत्र संस्थेकडे द्यावी, समुपदेशक कलाकाराने निवडावा आणि देयकावर नाव असू नये, एवढे कलम पुरेसे आहे. त्याहून घातक ठरते ते दुसरेच: हा खर्च कंपनीने कलाकाराला दिलेल्या आगाऊ रकमेत धरला, तर तो कलाकाराच्याच रॉयल्टीतून, म्हणजे विक्रीतील त्याच्या वाट्यातून, वळता होतो आणि सवलत म्हणून मिळालेली गोष्ट प्रत्यक्षात कर्ज ठरते. म्हणून ‘हा खर्च वसूल केला जाणार नाही’ हे वाक्य करारात स्पष्ट लिहिलेले हवे. धर्मादाय संस्थांबद्दल मला आदरच आहे, परंतु कामाने दिलेला त्रास देणग्यांतून निस्तरायचा, ही सोय कंपन्यांना फारच मानवते.

पडद्यामागचा:
मी दौऱ्यांवर ध्वनितंत्रज्ञ म्हणून काम करतो. आपण दोघे ज्या कराराबद्दल वाद घालत आहात, तो माझ्या हाती कधी आलेलाच नाही. आमचे काम फोनवर ठरते. २०२२ मध्ये कॅनडाचा गायक शॉन मेंडिस याने मानसिक आरोग्याचे कारण देऊन उरलेला जागतिक दौरा रद्द केला, तेव्हा त्याचा निर्णय मला योग्यच वाटला, पण अशा वेळी तारखा राखून ठेवलेल्या वादकांचे आणि तंत्रज्ञांचे काय होते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. रोजावर काम करणाऱ्याला गायकाची विश्रांती म्हणजे बुडालेली मिळकत. शिवाय महिनोन्महिने रात्री जागून, एकाच बसमध्ये राहून घरी परतल्यावर जी पोकळी जाणवते, ती सांगायला तेव्हा सोबत कोणीच नसते.

अनाघात:
माझे म्हणणे याहून वेगळे नाही. कागदच नसलेल्यांना कलमाचा उपयोग शून्य, तर स्वतंत्र संस्था त्यांनाही दार उघडते.

सूरसाक्षी:
संस्था समुपदेशन देईल, पण बुडालेला रोज कोठून देईल? कार्यक्रम रद्द झाल्यास मंचामागील लोकांना ठरलेल्या रकमेचा किमान अर्धा भाग मिळावा, ही अट मुख्य कलाकारानेच आपल्या करारात घालून घ्यावी. वाटाघाटीचे बळ त्याच्याकडे आहे.

पडद्यामागचा:
प्रसिद्ध कलाकाराकडे असेल. पहिल्याच दौऱ्यावर निघालेल्या गायिकेने ही अट घातली, तर आयोजक दुसरी गायिका बोलावील.