मलप्रभा नदीतला खडस मासा खरंच लहान होतोय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरजवळ मलप्रभेकाठी राहतो. थोरल्या काकांची १९८४ ते २००३ ची वही सापडलीय. गळाला लागलेल्या प्रत्येक खडसाची (महाशीर) लांबी त्यात आहे, पण वितीत: 'अडीच वीत, दोन बोटं'. काका आता नाहीत. त्यांची वीत मात्र दाराच्या चौकटीवर कोरलेली आहे, ती २१ सेंटीमीटर भरली.

२०२१ पासून मीही गळाचेच मासे टेपने मोजून परत सोडतो. जाळ्याचे मासे हिशेबात धरत नाही, कारण जाळ्याचं भोक बदललं की माशाचं मापही बदलतं. वजनं दोघांकडेही नाहीत.

अडचण अशी की काका शेपटीच्या टोकापर्यंत मोजत की मधल्या खाचेपर्यंत, हे वहीत नाही. खडसाची शेपटी खोल दुभंगलेली, त्यामुळे फरक बराच पडतो. शिवाय लहान मासे त्यांनी लिहिलेच नसावेत, अशी मला दाट शंका आहे.

मासा मारून वय काढायचं नाही. गळून पडलेलं खवलं मिळतं, त्यावरची वर्तुळं वाचायला शिकेन.

मग तुलना वर्षाच्या सरासरीची करू, की दरवर्षीच्या सगळ्यात मोठ्या पाच माशांची? आणि खाचेपर्यंतच्या लांबीवरून पूर्ण लांबी कशी काढायची?