रडारच्या 'इको'ला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेडी: नववी-दहावीच्या मुलांसाठी रडारवरची एक पुस्तिका मराठीत आणतेय. 'स्पंद (रेडिओलहरींचा क्षणभराचा झोत) सुटतो, वस्तूवर आपटतो आणि त्याचा प्रतिध्वनी परत येतो' असं लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी 'प्रतिध्वनी'वर फुली मारली. रेडिओलहरीत ध्वनी कुठला, मुलं सोनार (पाण्याखाली ध्वनीने वस्तू शोधणारं यंत्र) आणि रडार एकच समजतील, असं त्यांचं म्हणणं. पटलं मला. पण दर वाक्यात 'परावर्तित विद्युतचुंबकीय स्पंद' कसा लिहू? पुढचा सगळा हिशेब याच शब्दावर उभा आहे: तो १ मायक्रोसेकंदात परतला तर वस्तू १५० मीटरवर, १ मिलिसेकंदात परतला तर १५० किलोमीटरवर.

जुनीपोथी: 'पडसाद' घ्या. प्रतिशब्द, पडिसद्द, पडसाद अशी त्याची वाट. मुळात आवाजच, पण बातमीचे पडसाद उमटतात तेव्हा कानाला काही ऐकू येत नाही. आणि अँटेनाला विश्वकोशातला 'आकाशक' वापरा, चांगला शब्द धूळ खात पडलाय.

माळरान: 'आकाशक' वाचून पोरगं पुस्तक मिटेल. छपरावरचा अँटेना फिरवत 'आलं का चित्र?' असं ओरडण्यात आमचं लहानपण गेलं. तो शब्द आता आपलाच. इंग्रजांनीसुद्धा या यंत्राचं आपलं 'आरडीएफ' हे नाव सोडून अमेरिकी नौदलाने १९४० मध्ये घडवलेला 'रडार' उचललाच ना?

दर्यावर्दी: व्यापारी जहाजावर २२ वर्षं काढली. आम्ही मराठी माणसं आपसांत 'ठिपका' म्हणायचो. 'ठिपका सरकतोय का बघ.' जोराच्या पावसात ३ सेंटिमीटर लहरीच्या रडारचा पडदा कचऱ्याने, म्हणजे पावसाच्या नको असलेल्या ठिपक्यांनी, भरून जायचा, मग १० सेंटिमीटरचं लावायचं. लांब लहर थेंबांना फारशी जुमानत नाही.

शब्दवेडी: काका, ठिपका पडद्यावरचा. मला परतणाऱ्या लहरीला शब्द हवाय.

जुनीपोथी: कुलाब्याचं हवामान खात्याचं डॉप्लर रडारही १० सेंटिमीटरच्याच पट्ट्यातलं. लहर थेंबांना जुमानत नसेल, तर मुंबईचा पाऊस त्याला दिसतो कसा?

दर्यावर्दी: 'फारशी' म्हटलंय मी. त्याची ताकद मोठी, तबकडी मोठी, आणि ते पावसासाठीच बांधलेलं. मला नको असलेला कचरा हेच त्याचं काम. म्हणूनच 'कचरा' हा शब्द पुस्तिकेत जपून वापरा, ताई.

शब्दवेडी: हे नक्की घेते. डुप्लेक्सरलाही शब्द हवा होता. एकच अँटेना पाठवतो आणि ऐकतो. पाठवताना लाखो वॅट, परतीचा स्पंद नखभरही नाही. मधे हा भाग नसेल तर आपल्याच स्पंदाने ग्राहक (रिसीव्हर) जळून जाईल.

माळरान: ताई, हे तर दारं धरणं! पाटाचं पाणी एका वाफ्यात सोडायचं, तो भरला की माती ओढून दुसऱ्यात वळवायचं. वडलांबरोबर रात्री बॅटरी घेऊन उभा राहायचो. जरा डुलकी लागली की बांध फुटलाच. 'दार' म्हणा.

जुनीपोथी: दाराने नुसतं उघडणं-मिटणं कळतं, वाट बदलणं कळत नाही. शास्त्राची परिभाषा संस्कृत धातूंवर उभी केली म्हणून ती वेगवेगळ्या प्रांतांत समजते. तिथे वाफे आणू नका. आणि ताई, 'ग्राहक' दुकानातला वाटतो, 'ग्राही' लिहा.

माळरान: मग 'रेंज'ला 'पल्ला' कुठून आला? तोफेच्या पल्ल्यातूनच ना? तो चालतो आणि पाट चालत नाही?

शब्दवेडी: 'पल्ला' मीही घेतलाय, पण तिथेही अडले. मूळ इंग्रजीत वस्तूचं मोजलेलं अंतर आणि रडारची पोहोच या दोन्हींना 'रेंज'च म्हटलंय. मी पहिल्याला 'अंतर', दुसऱ्याला 'पल्ला' लिहिलं. पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती १६ पट लागते, ते वाक्य त्यामुळे स्वच्छ उतरलं.

जुनीपोथी: हे मात्र मूळ लेखनापेक्षा सरस झालं.

पांढरीमाती: आमच्याकडे विदर्भात ओलित करणं म्हणतात. दारं धरणं मी सासरी आल्यावर पहिल्यांदा ऐकलं, आणि दार धरून कुठे उभं राहायचं ते कळेना.

माळरान: वहिनी, मग पाणी वळवणाऱ्या माणसाला तिकडे काय म्हणतात?

शब्दवेडी: सोमवारी पानं छपाईला जातात. पडसाद की प्रतिध्वनी, तेवढं सांगा कुणीतरी.

पांढरीमाती: आईला फोन करून विचारते. ओलिताचे शब्द तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.