सोलापूरहून रोजची लांबची ये-जा: डिझेल गाडी कुठली आणि कुणी घ्यावी? (अनुभव धागा)

धागा सुरू करताना

सोलापुरात घर आणि नोकरी पंढरपूर, बार्शी, धाराशिव नाहीतर विजयपूरला, अशी ये-जा करणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. शिक्षक, बँकवाले, साखर कारखान्यावरचे केमिस्ट, वीज मंडळाचे अभियंते. एका बाजूचं अंतर सत्तर ते शंभर किलोमीटर. यांना डिझेल गाडी अजून परवडते का, परवडत असेल तर जुनी घ्यावी की नवी, यावर जाणकारांनी लिहावं. "आमची गाडी एक नंबर" एवढ्यानं कुणाचं भागत नाही. कुठला पार्ट का जातो, खर्च कुठं बसतो, घेताना काय तपासायचं, हे आलं तर घेणाऱ्याचे पैसे वाचतील.

कर सल्लागार, रेल्वे लाईन्स

आधी कागद-पेन घ्या. दर त्या दिवशीचे घाला. मी समजण्यापुरतं पेट्रोल १०५ आणि डिझेल ९१ धरतो. एकाच आकाराच्या दोन गाड्या घ्या. एसी लावून हायवेला पेट्रोलची १५ आणि डिझेलची २० देत असेल, तर किलोमीटरला पेट्रोल ७ रुपये आणि डिझेल ४ रुपये ५५ पैसे. फरक २ रुपये ४५ पैसे. डिझेलला ऑइल जास्त लागतं आणि फिल्टर महाग असतो, त्यापोटी ३० पैसे वजा करा. हातात उरले २ रुपये १५ पैसे.

आता घेतानाचा फरक. शोरूमच्या किमतीत सव्वा लाख दिसतो, पण महाराष्ट्रात डिझेल गाडीवर वाहन कर पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त आहे (१० लाखांपर्यंत ११ ऐवजी १३, पुढे २० लाखांपर्यंत १२ ऐवजी १४). त्यावर विमा आणि हप्त्यातलं व्याज. एकूण १ लाख ६० हजार धरा. त्याला २.१५ ने भागलं की साधारण ७४ हजार किलोमीटर येतात. त्यानंतर डिझेल फायद्यात.

पंढरपूरची ये-जा रोज १४० किलोमीटर, महिन्याला २४ दिवस धरली तर ३,३६० किलोमीटर होतात; बावीस महिन्यांत पैसे वसूल. रोज ३० किलोमीटर फिरणाऱ्याला हाच टप्पा गाठायला साडेआठ वर्षं लागतील. वर्षाला २५ हजार किलोमीटरच्या खाली फिरणाऱ्यानं डिझेलच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यापेक्षा मोठीवर ४० टक्के. रोज एकटं किंवा दोघं जाणार असाल तर मोठ्या गाडीचा हट्ट इथंच महागात पडतो.

डिझेल फिटर, अक्कलकोट रोड एमआयडीसी

साहेबांचा हिशेब बरोबर. त्यात एक भर घालतो: वर्षाच्या किलोमीटरइतकंच एका फेरीचं अंतर बघा.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाचा नवा कडक नियम) डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाईनमध्ये डीपीएफ बसवलेला असतो. धुरातली काजळी तो अडवतो. काजळी साठली की ती जाळावी लागते, त्याला रीजनरेशन म्हणतात. गाडी स्वतःच जादा डिझेल मारून डीपीएफचं तापमान ५५० ते ६०० अंशांपर्यंत नेते आणि काजळी जाळून टाकते. हे पूर्ण व्हायला साठच्या वर सलग वेग आणि पंधरा-वीस मिनिटं लागतात. मोहोळ रोडला किंवा तुळजापूर रोडला लागलेल्या गाडीत हे आपोआप उरकतं, चालवणाऱ्याला कळतही नाही. सात रस्ता ते बाळीवेस अशा गावातल्या गावात फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते सुरू होतं आणि अर्ध्यात तुटतं. रोज असंच झालं की दिवा लागतो, मग गाडी ताकद कमी करते, आणि शेवटी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायचं यंत्र) लावून उभ्या गाडीत जबरदस्तीनं जाळावं लागतं.

खरं नुकसान ऑइलमध्ये होतं. रीजनरेशनसाठी मारलेलं जादा डिझेल पूर्ण जळलं नाही तर सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर "ऑइल छान आहे" म्हणून खूश होऊ नका. पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला आणि क्रँकच्या बुशिंगला खातं. सपाट जागी गाडी बंद करून दहा मिनिटांनी बघा. खूण वरच्या रेघेच्या पुढं असेल तर किलोमीटर न मोजता ऑइल आणि फिल्टर बदला.

रीजनरेशन चालू आहे हे ओळखायचं कसं? आयडलिंग साडेसातशे-आठशेवरून हजाराच्या आसपास जातं, मीटरवरचं तात्कालिक अॅव्हरेज एकदम पडतं, गाडी थांबवल्यावरही पंखा जोरात फिरतो, तापल्याचा वास येतो. अशा वेळी घर आलं असेल तरी शक्य असल्यास दहा-पंधरा किलोमीटर हायवेला नेऊन आणा.

ऑइल कमी राखेचंच घाला. मॅन्युअलमध्ये सी२ किंवा सी३ असा दर्जा लिहिलेला असतो. जुन्या डिझेलचं जाड १५डब्ल्यू-४० स्वस्त पडतं म्हणून घातलं तर त्याची राख डीपीएफमध्ये बसते. काजळी जळते, राख जळत नाही. ती साठत जाते आणि शेवटी डीपीएफ काढून धुवावा किंवा बदलावा लागतो. "डीपीएफ काढून पाईप टाकू, कटकट संपली" असं सांगणारे भेटतील. ते बेकायदा आहे, पीयूसीला अडचण येते आणि गाडी विकताना भाव पडतो.

विचारणा, होटगी रोड

शाळा कुंभारीला. रोजचे येऊन-जाऊन २५ किलोमीटर, महिन्यातून दोनदा पुणे. डिझेल चालेल का?

डिझेल फिटर, अक्कलकोट रोड एमआयडीसी

नको, मॅडम. पुण्याच्या दोन फेऱ्या डीपीएफ साफ करतील, पण बाकीचे बावीस-चोवीस दिवस इंजिन नीट तापायच्या आत शाळा येते. पेट्रोल घ्या. जास्तच बचत हवी असेल तर सीएनजी.

जुन्या गाड्यांचा व्यवहार, विजापूर रोड

बजेट पाच-सहा लाख असेल तर बीएस-४ (बीएस-६ च्या आधीचा नियम) मधली चांगली डिझेल अजून मिळते, पण इंजिन ओळखून घ्या. मारुती, टाटा, फियाट अशा अनेकांनी वापरलेलं १२४८ सीसीचं १.३ मल्टिजेट बहुतेक फिटरांच्या हातातलं आहे आणि पार्ट गावोगावी मिळतो. टोयोटाचं १३६४ सीसीचं डी-४डी ताकदीला कमी, टिकायला दणकट. होंडाचं १.५ आय-डीटेक हायवेला अॅव्हरेज उत्तम देतं, केबिनमध्ये आवाज येतो. या तिन्हींत टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) आहे. डस्टरमधलं १.५ डीसीआय, फोर्डचं १.५ टीडीसीआय आणि फोक्सवॅगनचं १.५ टीडीआय चालवायला फार चांगली, पण त्यांत चेनच्या जागी बेल्ट आहे. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो आणि हेड उघडावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल दाखवता येत नसेल तर बदललेलाच नाही असं धरा आणि बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप असा संच पहिल्याच महिन्यात टाका. तो खर्च किमतीतून कमी करून घ्या. फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचा निर्णय जाहीर केला, तेव्हा घ्यायच्या आधी एखाद-दुसरा बॉडी पार्ट कुठून मिळेल याची चौकशी करा.

बघायला सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावा; गरम असेल तर थंड स्टार्टचा दोष लपवलाय असं समजा. पहिल्या सेल्फला चालू व्हायला हवी. पांढरा धूर क्षणभर आला तर चालेल. टिकला, आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. एक्सिलेटर दाबल्यावर काळा धूर म्हणजे इंजेक्टरचं नोझल खराब, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) खराब किंवा टर्बोच्या पाईपची गळती.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून वर तसंच ठेवा. थोडी वाफ येणारच. झाकण नाचून उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, तिथूनच परत फिरा.

मग क्लच. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगानं जाताना पूर्ण एक्सिलेटर दाबा. आरपीएम वर गेला आणि गाडी मागं राहिली, तर क्लच घसरतोय. बंद करताना गिअरबॉक्सकडून खडखड आली तर ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचला लागून असलेलं दोन भागांचं जड चाक) ढिलं झालंय. नुसती क्लच प्लेट आणि हे फ्लायव्हील यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून हा आवाज ऐकायला एसी आणि टेप बंद ठेवा.

शेवटी स्कॅनर लावा. बीएस-६ गाडीत डीपीएफमधली काजळी, मागच्या रीजनरेशननंतरचे किलोमीटर आणि इंजेक्टरची करेक्शन व्हॅल्यू (प्रत्येक इंजेक्टरचं डिझेल गाडी किती कमी-जास्त करतेय तो आकडा) वाचा. एका इंजेक्टरचा आकडा बाकी तिघांपेक्षा फार वेगळा असेल तर रिटर्न टेस्ट करून घ्या: चारही रिटर्न पाईप वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं चालवायचं, ज्याची बाटली जास्त भरली तो इंजेक्टर आतून गळतोय. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांतून आठवडा आणि वर्ष कळतं (२३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा). मीटर ३० हजार दाखवतंय आणि टायरचा जोड दुसरा आहे, असं दिसलं तर किलोमीटरवर विश्वास ठेवू नका.

आरटीओची कामं करणारा

एमएच १३ ची गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३०, जुन्या मालकाचं कर्ज असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. बाहेरच्या पासिंगला फॉर्म २८ ची एनओसी. दिल्लीकडची डिझेल गाडी स्वस्त मिळते, कारण तिथं दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले. पण इथं आणल्यावर महाराष्ट्राचा कर नव्यानं भरावा लागतो. तो धरूनच भाव करा, आणि एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

रोज विजयपूर, मागं दोन सहकारी

नव्यात चार मीटरच्या आत नेक्सॉन, ३एक्सओ, व्हेन्यू आणि सोनेट यांची १.५ डिझेल इंजिनं आहेत, हॅचबॅकमध्ये अल्ट्रोज. हायवेला सगळी पुरेशी ओढतात. माझ्या मते निवड गिअरबॉक्सवर करा. मॅन्युअल सगळ्यात बिनधोक. ऑटोमॅटिकच हवी असेल तर टॉर्क कन्व्हर्टर घ्या. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण गिअर गाडी स्वतः बदलते) अॅव्हरेज चांगलं देते, पण उसाच्या ट्रॅक्टरमागून बाहेर पडताना गिअर बदलायला घेतलेला एक क्षण फार मोठा वाटतो. ऑक्टोबर ते मार्च दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागं रिफ्लेक्टर नसलेले ट्रॅक्टर रात्री प्रत्येक रस्त्यावर असतात. त्यामुळे सनरूफच्या मॉडेलपेक्षा चांगले हेडलाईट आणि सहा एअरबॅगचं मॉडेल घ्या.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढं जातो. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळूनच. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घातलं की क्षार साठतात आणि पहिला फटका थर्मोस्टॅटला बसतो. टायरची हवा सकाळी निघायच्या आधी भरा, दारावरच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी; दुपारी तापलेल्या टायरची हवा कमी करणं धोक्याचं. लांबून आल्यावर गाडी लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट आयडलिंगला ठेवा, म्हणजे टर्बोतलं ऑइल जळून चिकटत नाही.

सीएनजीवाले, बार्शी रोड

हिशेबात आमचा पर्यायही धरा. सीएनजी ९५ रुपये किलो आणि गाडी २५ देत असेल तर किलोमीटरला ३ रुपये ८० पैसे, म्हणजे डिझेलपेक्षा कमी. अडचणी तीन. साठ लिटरच्या टाकीत आठ-नऊ किलो गॅस बसतो, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास. रोज १४० करणाऱ्याला जवळपास रोजची रांग. डिकी जाते. आणि टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावीच लागते. वेळेची किंमत ज्याची त्यानं ठरवावी.

डिझेल फिटर, अक्कलकोट रोड एमआयडीसी

दोन गोष्टी राहिल्या. काही नव्या गाड्यांत डीपीएफच्या जोडीला डीईएफची (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या द्रावणाची) टाकी असते, निळं झाकण. ते ३२.५ टक्के युरियाचं द्रावण आहे. त्यात पाणी घालायचं नाही, खताचा युरिया विरघळवून तर अजिबात नाही, आणि चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर चावी फिरवू नका, टोइंगनं आणा. टाकी पूर्ण संपली तर गाडी बंद केल्यावर पुन्हा चालू होत नाही. उन्हात ठेवलेल्या कॅनमधलं डीईएफ खराब होतं, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये साठा करू नका. लागेल तेवढंच सीलबंद आणि तारीख बघून घ्या.

दुसरं, डिझेल फिल्टर. मॅन्युअलमध्ये काहीही आकडा असो, आपल्याकडं २० हजारला बदला आणि पावसाळ्यात फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढा. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबानं डिझेल देणाऱ्या पद्धतीच्या) पंपाला डिझेलच वंगण असतं. पाणी गेलं की पंप आतून घासतो, त्याचा चुरा रेलमधून चारही इंजेक्टरमध्ये जातो, आणि मग पंप, रेल, इंजेक्टर आणि टाकीची सफाई असा सगळाच खर्च एकदम येतो. फिल्टर बदलल्यावर हवा काढल्याशिवाय सेल्फ मारत बसू नका. चावी ऑन करून पंप दोन-तीन वेळा भरू द्या, हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, मग स्टार्ट करा.